तिथून बोलणारी

“सिस्टर, आवाज जरा वाढवा. आता माझी मुलगी लागेल.”

तिने रेडिओचं बटण फिरवलं. दुपारच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. बाबा उशांना टेकून बसले होते, एक हात कानामागे आणि डोळे रेडिओच्या जाळीवर. भाववाढ झाली, निवडणूक झाली, खेळ झाला, हवामानही झालं. मुलगी काही लागली नाही.

“आज नाही लागली,” बाबा म्हणाले. “कामात असेल.”

“हो, कामात असेल,” ती म्हणाली आणि त्यांच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप पुसलं.

कामात कसली? त्यांच्या उशाशी बसली होती. ज्या मुलीची वाट बघत म्हातारा रोज दुपारी कान टवकारून बसत होता, ती मुलगी हातात वाटी-चमचा घेऊन समोर होती आणि बाबांच्या लेखी ती होती घरी ठेवलेली नर्स. याला काय म्हणावं? पहिल्या दिवशी सगळे हसले होते. विमानातून ती सर्दी घेऊन आली, म्हणून वहिनीने तिला तोंडाला मास्क लावूनच आत पाठवलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “नवीन सिस्टर का?” दादा खो खो हसला. मग मास्क उतरला, सर्दी गेली, हसणंही गेलं. सिस्टर मात्र राहिली.

बाबा दादाला ओळखत होते. वहिनीला तर झोपेतही ओळखायचे, तिच्या पावलांवरून. पुसली गेली होती ती एकटीच. आणि तेही पूर्ण कुठे? मुलगी आहे, परदेशात आहे, बातम्या देते, हे त्यांना लख्ख आठवत होतं. फक्त ती तिथे होती. तिथे असणारी मुलगी इथे कशी असेल? बाबांचा हिशोब सरळ होता.

घरात तिचं नाव होतं पाहुणी. दादाने ठेवलेलं. वर्षा-दीड वर्षाने एकदा यायची, बॅग पूर्ण उघडायचीसुद्धा नाही, आणि कुठेतरी काहीतरी पेटलं की निघायची. “आली का पाहुणी? गादी घालू की उभ्या उभ्याच जाणार?” असं दादा दारातच विचारायचा. ती हसायची. त्या हसण्यामागे काय होतं ते दादाने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

रेडिओवर निवेदक म्हणायचा, “आमच्या प्रतिनिधी कळवतात.” ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढी मोठी नोकरी असेल. नोकरी मुळी नव्हतीच. ती स्वतंत्र बातमीदार. म्हणजे बातमी घेतली तर तेवढ्यापुरती त्यांची, नाही घेतली तर कुणाचीच नाही. रेडिओच्या इमारतीत तिच्या नावाचं टेबल नव्हतं की खण नव्हता. पहिल्यांदा गेली ती स्वतःच्या तिकिटाने, एका लढाईच्या गावी, जिथून पगारी बातमीदार नुकतेच पळून गेले होते. तेव्हापासून तिचं आयुष्य हेच. सगळे निघाले की हिने जायचं. अंगावरचं चिलखत एका निवृत्त छायाचित्रकाराकडून जुनं घेतलेलं, दोन मापांनी मोठं. विमा नाही, रजा नाही, आजारपण परवडत नाही. हातावर पोट म्हणतात ते हेच. फक्त हात दुसऱ्या देशात.

आणि या धंद्यात पोट ज्या एका गोष्टीवर चालतं ती म्हणजे तिथे असणं. तिच्यापेक्षा हुशार माणसं रेडिओच्या कचेरीत, डेस्कवर, ढिगाने होती. भाषा येणारे होते, इतिहास तोंडपाठ असणारे होते. पण ते तिथे नसायचे आणि ही असायची. म्हणून प्रत्येक बातमीच्या शेवटी ती गावाचं नाव घ्यायची, मग स्वतःचं. तिच्या धंद्यातली ती शपथच. त्या गावाच्या नावाला तिने कधी बट्टा लावला नव्हता. एकदा गावाच्या वेशीबाहेर अडवून ठेवलं होतं, तेव्हा तिने “वेशीबाहेरून” असं म्हटलं होतं. डेस्कवरचे हसले होते. म्हणाले, वेशीने काय फरक पडतो? तिला पडायचा.

आई गेली तेव्हाही ती अशीच तिथे होती. नेमकी थेट बोलत होती. “तू रेडिओवर होतीस आणि आईने डोळे मिटले,” दादाने नंतर सांगितलं. “आम्ही रेडिओ बंद नाही केला.” दादाला वाटलं असेल यात दिलासा आहे. तिला तो कधी मिळाला नाही. त्या वाक्याने तिला आतून पोखरलं. म्हणून या वेळी वहिनीचा फोन आला, “बाबांचं काही खरं नाही, यायचं तर आत्ता ये,” तेव्हा तिने मागचा-पुढचा विचार न करता विमान पकडलं. डेस्कला कळवलं नाही. कळवलं की फोन दुसऱ्याला जाणार, आणि एकदा दुसऱ्याकडे गेलेला फोन परत आपल्याकडे वळत नाही, हे तिने इतरांच्या बाबतीत बघितलं होतं. इतरांचे वळलेले फोन तिनेच तर उचलले होते.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. बाबांनी एकदा, एकदाच, तिच्याकडे बघून तिला ओळखावं. आणि ते होईपर्यंत तिकडची जागा टिकावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांची नखं कापत असताना फोन वाजला. डेस्कप्रमुख. कित्येक वर्षं तो तिचा आवाज ओळखत होता आणि कित्येक वर्षं त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा.

“कुठे आहेस?”

“आहे,” ती म्हणाली.

“नशीब. सैन्य रस्त्यावर उतरलंय, बघतेयस ना? राष्ट्राध्यक्ष पळाला म्हणतात. दुपारच्या बातम्यांत तुला थेट घेतो. पहिलीच बातमी. लाईन धड ठेव.”

तिने हो म्हटलं. म्हणजे ती हो म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवलाही होता.

तिथे तिचा दुभाष्या होता. आधी शाळेत भाषा शिकवायचा, शाळा बंद पडली तेव्हापासून तिच्याबरोबर. गाडी तोच चालवायचा, दारं तोच उघडून घ्यायचा, आणि कुठे थांबायचं नाही हे तिच्या आधी त्याला कळायचं. तिने त्याला फोन लावला.

“ताई, मी गच्चीवर आहे,” तो कुजबुजला. “पूल बंद केलाय त्यांनी. रणगाडे आडवे लावलेत. बाजारात गोळीबार झाला, दोन माणसं पडलेली मी स्वतः बघितली. थांबा, आवाज ऐका.” त्याने फोन वर धरला असावा. तो ठोक्याठोक्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता.  नेलकटर हातात तसाच होता आणि बाबांच्या अंगठ्याचं नख अर्धं कापलेलं.

“सिस्टर, पुरं करा ना,” बाबा म्हणाले.

तिने अंगठा पुरा केला. मग दुपारी आतल्या खोलीत जाऊन कपड्यांचं कपाट उघडलं. रेडिओवाल्यांना हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. खोलीत आवाज घुमतो, कपड्यांत तो घुमत नाही. म्हणून बाहेरगावी असलेला रेडिओचा माणूस कपाटात शिरून बोलतो. कितीतरी हॉटेलं तिला त्यांच्या कपाटांवरून आठवत. एकीकडे उभं राहता येई, एकीकडे गुडघे पोटाशी घ्यावे लागत, एकीकडे डांबराच्या गोळ्यांनी खोकला येई. हे कपाट आईचं होतं. वहिनीने आईचे दोन कोट अजून टाकले नव्हते. त्यांच्यामध्ये ती शिरली, दार ओढून घेतलं आणि ठरवलं: जे दुभाष्याने बघितलं तेच सांगायचं, प्रत्यक्षदर्शी म्हणतो असंच म्हणायचं, आणि शेवटी फक्त स्वतःचं नाव घ्यायचं. गावाचं नाही. गाव घेतलं नाही तर खोटं बोललो असं होत नाही.

माणूस स्वतःशी किती बारीक वकिली करतो बघा.

निवेदकाने तिला हाक मारली. ती बोलायला लागली. अंधारात, कोटांत तोंड खुपसून, तिचा आवाज उतरला, संथ झाला, एकेक शब्द जागच्या जागी पडायला लागला. घरी ती तोंडाला येईल ते भराभरा बोलायची. रेडिओवरची ती वेगळीच बाई होती. पुलाचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं, पडलेल्या दोघांचं सांगितलं. एक शब्द वावगा नव्हता. शेवटचं वाक्य संपलं, तिने श्वास घेतला आणि इतक्या वर्षांची सवय झालेली जीभ तिला न विचारता पुढे गेली. गावाचं नाव. मग स्वतःचं.

लाईन बंद झाली.  आपण काय केलं हे तिला त्याच क्षणी कळलं. पण त्याचा विचार करायला सवड मिळाली नाही, कारण पलीकडच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं.

बाबांनी पलंगाजवळचं टेबल पाडलं होतं. एक पाय खाली, एक पांघरुणात अडकलेला, आणि वहिनी त्यांना काखेत धरून उभी.

“माझे बूट द्या, सूनबाई,” बाबा धापा टाकत म्हणाले. “डेपोत जातो. पूल बंद केलाय त्यांनी. शेवटची गाडी सुटायच्या आत तिला निघायला हवं.”

बाबांची सगळी नोकरी बस डेपोत गेली होती. गाडी कधी सुटली, कधी पोचली, लिहायचं. तिला ते “कशी आहेस” असं कधी विचारत नसत. “निघालीस का?” आणि “पोचलीस का?” एवढीच त्यांची चौकशी आणि एवढंच प्रेम.

ती गुडघ्यांवर बसली, त्यांचा पाय हातात धरला. “बाबा, अहो, मी इथे आहे. घरी आहे. बघा ना माझ्याकडे.”

“सिस्टर, तुम्ही मध्ये पडू नका. तिथे गोळ्या चालल्यात. पोरगी एकटी आहे.”

मग तिने ते केलं. आवाज खाली उतरवला, संथ केला, आणि रेडिओवर बोलते तशीच बोलली: “बाबा, मी तुमची मुलगी. मी सुखरूप आहे.”

बाबांची धडपड थांबली.  त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नक्कल चांगली करता सिस्टर,” ते म्हणाले. “पण अशा वेळी करू नये. म्हाताऱ्या माणसाची थट्टा करू नये.”

ती उठून बाहेर आली. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. हुंदका आला तो तिने गिळला, दुसरा आला तो गिळता आला नाही. वहिनी मागोमाग आली. वहिनीला रडणाऱ्या माणसांजवळ बसायला वेळ नसायचा, पण वाट काढायची तर तिनेच.

“रडायचं नंतर,” वहिनी म्हणाली. “आधी फोन कर.”

“कुणाला?”

“त्यांना. त्यांच्या पलंगाशेजारी फोन आहे ना? इथून कर. दार मी लावते.”

तिने ओट्याशी उभं राहून मोबाईलवरून आपल्याच घराचा नंबर फिरवला. भिंतीपलीकडे घंटी वाजली. वहिनीचा आवाज आला, “बाबा, तुमच्या मुलीचा फोन,” आणि रिसीव्हर उचलला गेल्याची खुडबुड.

“हॅलो? पोचलीस का?” बाबांचा आवाज दोन्हीकडून येत होता, कानातून आणि भिंतीतून.

“पोचले बाबा. सुखरूप आहे. हॉटेलात आहे.”

“पुलाच्या अलीकडे की पलीकडे?”

“अलीकडे.”

“मग ठीक,” बाबा म्हणाले, आणि पलीकडे पलंग करकरला. ते परत टेकले असावेत. “जेवलीस?”

“जेवले. तुम्ही कसे आहात?”

“मी झकास. मला काय धाड भरलीय? सूनबाई बघते, तुझा दादा बघतो. आणि एक सिस्टर ठेवलीय. चांगली आहे गं. हात फार हलका आहे तिचा, दुखत नाही अजिबात.” मग त्यांनी आवाज खाली आणला, जणू सिस्टर ऐकत असेल. “पण बिचारी कोपऱ्यात जाऊन सारखी रडते. मी बघतो. घरचं काहीतरी असणार. तू आलीस की बोल तिच्याशी. तुला लोकांना बोलतं करता येतं.”

तिने तोंडावर हात दाबून धरला. मग हात काढून, त्याच संथ आवाजात, म्हणाली, “बोलेन हं बाबा. नक्की बोलेन.”

डेस्कप्रमुखाचा फोन चार वाजायच्या सुमारास आला. तो खुशीत होता. “मस्त झालं. बाकी कुणाकडेच आवाज नव्हता, फक्त आपल्याकडे. संध्याकाळी परत घेतो, पण या वेळी चौकात जा. मागे गर्दी ऐकू यायला हवी.”

तिने जरा वेळ मागितला आणि दुभाष्याला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. तो अजिबात दचकला नाही.

“एवढंच ना ताई? मी चौकात जातो. गर्दीचा आवाज भरून पाठवतो. तो मागे लावून तुम्ही बोला. कुणाला कळतंय?”

खरंच कुणालाही कळलं नसतं. तिने डोळ्यांसमोर आणून बघितलं. तो त्या चौकात, फोन वर धरून, भिंतीला चिकटून उभा. आणि ही आईच्या कोटांमध्ये बसून त्या चौकाचं नाव घेणार, मग स्वतःचं. गोळी लागली तर त्याला लागणार, आणि रेडिओवर म्हणणार, आमच्या प्रतिनिधी.

“नको,” ती म्हणाली. “चौकात जाऊ नकोस. निदान माझ्यासाठी तरी जाऊ नकोस.”

मग तिने डेस्कला फोन लावला.

“मी तिथे नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे? चौकात नाही?”

“त्या देशात नाही. वडिलांच्या घरी आहे. ते आजारी आहेत. जे बोलले ते सगळं माझ्या दुभाष्याने बघितलेलं आहे, शब्दन् शब्द खरा आहे.”

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली.

“अगं, मग सांगायचंस ना आधी.”

“सांगितलं असतं तर?”

 उत्तर दोघांनाही माहीत होतं.

“खरं आहे ते मान्य,” तो म्हणाला. “पण तू गावाचं नाव घेतलंस.”

“घेतलं.”

“मला दुरुस्ती लावावी लागेल. नाव घेऊन. तुला माहितीय.”

“लाव,” ती म्हणाली. “आणि एक नंबर लिहून घे. तो तिथे आहे. भाषा चांगली आहे त्याची, मास्तर होता. त्यालाच बोलू दे. पण त्याला चौकात पाठवू नकोस, त्याचं तो ठरवेल कुठे उभं राहायचं ते.”

त्याने नंबर लिहून घेतला. माणूस वाईट नव्हता. फोन ठेवण्याआधी म्हणाला, “वडिलांची काळजी घे.” आणि मग थोडं थांबून, “छान बोलायचीस.” बोलायचीस म्हणाला. तिने ऐकलं.

संध्याकाळच्या बातम्यांत निवेदकाने तिचं नाव घेऊन दिलगिरी वाचली. दुपारी आमच्या प्रतिनिधींनी दिलेलं वृत्त त्या ठिकाणाहून नव्हतं, त्या आपल्या घरी होत्या, वगैरे. बाबा तेव्हा झोपले होते. दादा कामावरून येऊन बूट काढत होता, तो एक बूट हातात धरून तसाच ऐकत राहिला. तिने मान खाली घातली. इतकी वर्षं जपलेलं एक नाव, ते असं दोन वाक्यांत गेलं. तिला लाज वाटली, दादासमोर तर फारच. लहान असल्यापासून तिच्या बढाया ऐकत आलेला तोच.

दादाने दुसरा बूट काढला.

“सगळ्या जगाला सांगितलं गं त्यांनी, तू घरी आहेस म्हणून,” तो म्हणाला. “एक बाबांनाच कळेना बघ.”

आणि तिला हसू आलं. रडता रडता हसू आलं, दादालाही आलं, आणि दोघं भावंडं अंधारत्या बैठकीत वेड्यासारखी हसत बसली.

त्यानंतर डेस्कचा फोन आला नाही. रेडिओवर आता दुभाष्या बोलायचा. सुरुवातीला फार घाईघाईने बोलायचा, मग तिने त्याला फोनवर सांगितलं, श्वास घे, पाण्याचा घोट घे, कपाटात बस. तो सुधारला. पुढेपुढे तर फारच चांगलं बोलायला लागला. बातमीच्या शेवटी तो गावाचं नाव घ्यायचा, आणि त्याला ते घ्यायचा पुरता अधिकार होता. तिला कौतुक वाटायचं. आणि मत्सरही वाटायचा, खोटं कशाला बोला.

“हा कोण नवा?” बाबा विचारायचे. “माझ्या मुलीची जागा घेतली की काय?”

“सुट्टीवर असेल हो ती.”

“छे, तिला सुट्टी नसते,” बाबा ठामपणे म्हणायचे.

म्हणून ती रोज चहाच्या वेळी ओट्याजवळून फोन करायची. रेडिओवर कधी न सांगितलेलं सगळं सांगायची. हॉटेलची मालकीण पाहुण्यांना चादरी मोजून देते. गल्लीतला पाववाला गोळीबार थांबला की पहिली भट्टी पेटवतो, आणि त्या वासावरून लोकांना कळतं की आता बाहेर पडायला हरकत नाही. आपल्याला भीती वाटते, खूप वाटते, आणि कपाटात बसल्यावर ती कमी होते. बाबा ऐकून घ्यायचे. “तुझी आई पण घाबरली की कपाट आवरायला काढायची,” एकदा म्हणाले. इतकं ती आणि बाबा समोरासमोर जन्मात बोलले नव्हते. मग शेवटी घरची बातमी द्यायचे. दादाचे केस गेले. सूनबाई दमते. सिस्टर आज हसली.

फोन ठेवून ती आत जायची, सिस्टर व्हायची, त्यांची पाठ पुसायची. आणि बाबा तिला सांगायचे, “आत्ताच मुलीचा फोन आला होता.” त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. तो उजेड तिच्यासाठीच होता, पण तिच्या अंगावर पडत नव्हता.

बाबांचं अन्न हळूहळू सुटलं. डॉक्टर येऊन गेला, दादाला बाजूला घेऊन बोलला. त्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला असावा, कारण श्वासाचा आवाज फार जवळून येत होता.

“आता ये,” ते म्हणाले. “काम पुरे झालं. निघ.”

उभ्या आयुष्यात त्यांनी तिला ये असं म्हटलं नव्हतं. निघालीस का, पोचलीस का. ये कधीच नाही.

“निघते बाबा,” ती म्हणाली. “उद्या सकाळी पोचते.”

सकाळी बाबांनी वहिनीकडून दाढी करून घेतली. इस्त्रीचा सदरा मागितला. तिने प्रवासाचे कपडे घातले, खांद्याला बॅग लावली, आणि मागच्या दाराने बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. आपल्याच घराची बेल तिने पाहुण्यासारखी वाजवली. 

दादाने दार उघडलं.  तो नुसता बाजूला झाला.

ती बाबांच्या खोलीत गेली. दारात उभी राहिली. बाबांनी मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. बॅगेकडे बघितलं. परत तिच्या चेहऱ्याकडे.

“सिस्टर,” ते क्षीण आवाजात म्हणाले, “बॅग घेऊन कुठे निघालात? आज जाऊ नका हो. आज माझी मुलगी यायचीय.”

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावरून उतरवला. 

“तुम्हाला भेटवायचंय तिला,” बाबा म्हणाले. “तिला सांगायचंय, तुम्ही माझं किती केलंत ते. तिला माहीत नाही. ती लांब असते.”

“नाही जात,” ती म्हणाली. “इथेच आहे मी.”

तिने बॅग भिंतीशी ठेवली. पलंगाला लागून एक खुर्ची मांडलेली होती, वर स्वच्छ टॉवेल घातलेला. ती बसायला खुर्चीकडे वळली.

“ती नको, सिस्टर,” बाबा घाईने म्हणाले. “ती तिच्यासाठी ठेवलीय.”

ती थांबली. मग खुर्चीच्या बाजूला, पलंगाच्या कडेला उभी राहिली, आणि बाबांचा हात हातात घेतला. बाबांनी तो काढून घेतला नाही. त्यांचे डोळे दाराकडे लागले होते. तीही दाराकडे बघत राहिली.